यंत्रांची बोली आणि ‘ध’चा ‘मा’

समुद्राच्या काठी वसलेल्या चेन्नई शहराच्या पाचवीला पिण्याच्या पाण्याची ददात पुजलेली आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोलवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. त्या वेळी मिंजूर आणि नेम्मेली येथील, खारे पाणी गोडे करणारे प्रकल्प शहराचा मोठा आधार ठरले. मिंजूरचा प्रकल्प २०१० मध्ये व नेम्मेलीचा पहिला प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. प्रत्येकाची क्षमता दिवसाला दहा कोटी लिटरांची.

अशा कारखान्यांत समुद्राचे पाणी प्रचंड दाबाने सूक्ष्म पडद्यांतून लोटले जाते. पंप केव्हा चालावा, झडप किती उघडावी, हे ठरविण्याचे काम ‘प्रोग्रॅमेबल कंट्रोलर’ करतो. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींच्या कारखान्यांसाठी हे यंत्र जन्मास आले. परंतु एकटा कंट्रोलर कितीही हुशार असला, तरी दूरच्या टाकीची पातळी त्याला दुसऱ्या यंत्राकडूनच कळणार. हा निरोप आणण्या-नेण्यासाठी त्याच्या शेजारी एक लहानसे नेटवर्क मॉड्यूल बसवितात. हा त्याचा दुभाषा होय.

नवा दुभाषा कामावर रुजू झाला, की त्याला काही गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली गोष्ट पत्ता. १९७९ मध्ये निघालेल्या ‘मॉडबस’ या बोलीत, एका तारेवरील यंत्रांना १ ते २४७ यांपैकी क्रमांक देतात. दोघांना एकच क्रमांक दिला, तर एका हाकेला दोघे एकदम ओ देतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट बोलण्याची गती. एक जण सेकंदाला ९६०० बिटांनी बोलतो आणि दुसरा १९२०० बिटांनी ऐकतो, अशी स्थिती असेल, तर संवाद संभवतच नाही. या चुका त्रासदायक खऱ्या, पण प्रामाणिक असतात. यंत्र गप्प बसते आणि दोष कोठे तरी आहे हे ताबडतोब समजते.

खरी भीती आहे ती सुबकपणे पोहोचलेल्या चुकीच्या निरोपाची. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची पेशवाईतील आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. त्या कागदात व्याकरणाचा दोष नव्हता. एक अक्षर बदलले आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. मॉडबसमध्ये एका कप्प्यात सोळा बिटे मावतात, म्हणून मोठी संख्या दोन कप्प्यांत विभागून पाठवितात. घेणाऱ्याने कप्प्यांचा क्रम उलटा धरला, तर १०० चे ६५,५३,६०० होतात. एवढा मोठा आकडा निदान डोळ्यांत तरी भरतो. परंतु काही पुस्तिकांत कप्पे एकपासून मोजतात आणि तारेवर ते शून्यापासून मोजले जातात. हा एकाचा फरक विसरला, की शेजारचा कप्पा वाचला जातो. मग तापमानाच्या जागी दाबाचा आकडा येतो आणि तो खराही वाटतो. वाटेत अक्षर बिघडले का, हे तपासण्याची सोय मॉडबसमध्ये आहे. अर्थ बिघडला का, हे तपासण्याची नाही. निरोप कोणी धाडला, हे पडताळण्याची सोयही मूळ बोलीत नाही. म्हणूनच अशा तारा बाहेरच्या जगापासून अलग ठेवाव्या लागतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : निरोप येणेच बंद झाले तर काय करावे? तोही आधीच ठरवून ठेवावा लागतो. टाकी भरणाऱ्या पंपाला पातळी कळेनाशी झाली आणि तो ‘अर्धी भरली’ या जुन्या निरोपावरच चालत राहिला, तर मोलाचे पाणी वाहून जाईल. तेथे थांबणे बरे. पण याच शहराने डिसेंबर २०१५ चा महापूर पाहिला आहे. पुलाखालच्या रस्त्यातील पाणी उपसणारा पंप तार तुटताच थांबला, तर संकट वाढेल. तेथे प्रसंगी पंप कोरडा फिरून बिघडला तरी पत्करावे, पण तो चालू राहावा. मॉड्यूल तेच, तुटलेली तारही तशीच, परंतु योग्य उत्तरे परस्परविरुद्ध.

हे उत्तर कोणत्याही मॉड्यूलच्या पुस्तिकेत सापडत नाही. कारखान्यातून आलेली मूळ योजना तशीच ठेवली, तर तो निर्णय शहराशी परिचय नसलेल्या कोणी तरी घेतलेला असतो. म्हणून पाणीपुरवठा सांभाळणारे आणि मॉड्यूल बसविणारे यांनी एकत्र बसून तो घ्यावा, कारणासह दफ्तरी लिहून ठेवावा, आणि यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी तार मुद्दाम सोडवून पंप ठरल्याप्रमाणे वागतो की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. या परीक्षेला फार तर अर्धा दिवस लागेल. पुराच्या रात्री मात्र ती घेण्यास कोणालाच सवड नसते.