बाभळीचें लांकूड आणि विजेची करवत

शहरांतील घरांतून अलीकडे लांकडी घाण्याच्या तेलाची आवड पुन्हां दिसूं लागली आहे. बाटलीवरील ‘लांकडी घाणा’ हे शब्द वाचून गृहिणी ती समाधानानें घरीं आणते; पण ज्या लाटेखालीं तो शेंगदाणा चिरडला गेला, तिचें लांकूड कोणतें आणि तें कापतांना कोणास किती सायास पडले, हा प्रश्न सहसा मनांत येत नाहीं. सातारा-सांगलीकडे त्याचें उत्तर बहुधा एका काटेरी झाडापाशीं येऊन थांबतें. तें झाड म्हणजे बाभूळ.

कृष्णाकांठच्या शेतकऱ्यास एके काळीं बाभूळ हेंच लोखंड होतें. नांगर बाभळीचा, गाडीच्या चाकाचा तुंबा बाभळीचा, आणि ऊस गाळण्याचा चरकही बाभळीचाच. चरकाच्या उभ्या लाटांना लोक कौतुकानें नवरा-नवरी म्हणत, आणि हें जोडपें बैलांच्या फेऱ्यांबरोबर रात्रंदिवस करकरत राही. 1910 सालीं कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखान्याचें गांव वसविलें आणि लोखंडी नांगर शेतोशेतीं पोंचूं लागला. लोखंडाचें विष जमिनींत उतरेल, अशी शंका शेतकऱ्यांनीं आरंभीं घेतली होती! ती ओसरली, लांकडी नांगर माळ्यावर गेला. तरी जेथें घसट आणि दाब दोन्ही एकदम सोसावे लागतात, तेथें बाभळीचा मान अजून गेलेला नाहीं.

या गुणाचें मूळ तिच्या घट्टपणांत आहे. वाळलेल्या सागाचें वजन घनमीटरला सुमारें 650 किलो भरतें, बाभळीचें 800 च्या आसपास जातें. अंजन तर याहूनही जड. त्याचा गाभा पाण्यांत टाकला असतां बुडतो. मात्र वजन हें अडचणीचें एकच माप नव्हे. साग हलका असूनही त्याच्या अंगांत वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात आणि ते करवतीचे दांत झिजवितात. बाभूळ दांतांना निराळ्या रीतीनें छळते. तिचे तंतू सरळ जात नाहींत, गांठीपाशीं वळसे घेतात, आणि जें लांकूड ओलें असतांना कांहींसें ऐकतें, तेंच वाळल्यावर हट्टाला पेटतें.

पूर्वी ओंडका उंच घोड्यावर चढवीत, गेरूंत भिजविलेल्या सुतळीनें त्यावर रेघ मारीत, आणि एक माणूस वर व एक खालीं उभा राहून लांब करवत ओढीत. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. काम अतिशय संथ होतें. पण त्या संथपणांत एक सोय होती. दांत बोथट झाला कीं तें प्रथम दंडाला कळे. माणूस थकला कीं थांबे, आणि करवतही तेवढ्यांत निवे. विजेच्या मोटारीला दंड नाहीं. ती थकत नाहीं, म्हणून कांहीं सांगतही नाहीं. आरागिरणींतील सारें कौशल्य या एका गोष्टीभोंवतीं फिरतें: जें पूर्वी हाताला कळत होतें, तें आतां कानानें आणि डोळ्यानें ओळखावें लागतें.

दोन मोठ्या चाकांवरून पोलादी पट्टा फिरत असतो, त्याच्या एका कडेला दांते. सेकंदाला तीस-चाळीस मीटर या वेगानें तो धांवतो. दांत धारदार असेल तर तो तंतूचा घांस घेतो आणि भुश्याबरोबर बरीचशी उष्णता बाहेर टाकतो. बोथट झाला कीं तो कापीत नाहीं, नुसता घासतो. मग पट्ट्याची दांत्यांकडील कड तापते, तापून लांबते, ढिली पडते, आणि पट्टा लांकडांत नागासारखा वळवळूं लागतो. फळी एकीकडे जाड, एकीकडे पातळ निघते. भुसा कणीदार पडण्याऐवजीं पिठासारखा पडतो. जळका वास येतो. अनुभवी मिस्त्री वासाची वाट पाहत नाहीं. आवाज चिरका झाला कीं तो ओंडका मागें घेतो. नवशिका अशा वेळीं ओंडका जोरानें पुढें रेटतो, आणि पट्टा तुटतो.

उपाय साधे आहेत, पण चिकाटीचे. बाभळीसाठीं दांताचा पुढील झुकाव कमी ठेवतात, ओंडका सावकाश पुढें सोडतात, पट्ट्यावर पाण्याचा थेंब पडता ठेवतात. गोल चकतीच्या करवतीस टंग्स्टन कार्बाइडचीं टोकें बसवितात. 1926 सालीं जर्मनींतील क्रुप कारखान्यानें हा पदार्थ ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ‘विडिया’ या नांवानें बाजारांत आणला. आपल्याकडील कारागीर आजही ‘विडियाची चकती’ असेंच म्हणतो. ही चकती कठीण खरी, पण ठिसूळ. बांधावरच्या बाभळीच्या पोटांत जुन्या कुंपणाची तार किंवा खिळा निघाला कीं टोकें उडतात. ओंडका करवतीवर चढविण्यापूर्वी त्यावर जाणत्या माणसाची नजर आणि हात फिरणें अवश्य, तें यासाठींच.

याहून मोठें भय निराळें आहे. वाढत्या झाडांत आंतून ताण सांठलेला असतो. ओंडका चिरला जातांना तो ताण सुटतो, फाट मागून मिटते आणि चकतीला चिमटा बसतो. फिरती चकती मग तें जड लांकूड कापणाऱ्याच्याच अंगावर भिरकावते. चकतीमागें एक उभें पातें असतें, तें फाट उघडी ठेवण्यासाठीं. घाईच्या दिवशीं तें काढून ठेवण्याची खोड बऱ्याच ठिकाणीं आढळते, आणि बोटें जातात तीं अशाच दिवशीं. फिरत्या यंत्रास कुंपण असावें असें 1948 च्या कारखाने कायद्यानें बजावलें होतें. लहान आरागिरण्या बहुधा त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. भुश्याचेंही तसेंच. लांकडाची धूळ माणसांत कर्करोग उत्पन्न करते, विशेषतः नाकाच्या पोकळींत, असा निर्णय कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें 1995 सालीं दिला. तरी तोंडाला बांधलेला एक फडका एवढेंच बऱ्याच ठिकाणीं संरक्षण दिसतें. तेलाच्या बाटलीची किंमत ठरवितांना हें कोणी मोजीत नाहीं, आणि हें न मोजणें न्याय्य म्हणतां येणार नाहीं.

हें लांकूड आतां येतें कोठून? पश्चिमेकडील डोंगरांतून नव्हे. कोयना व चांदोलीचीं अरण्यें 2010 पासून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत आहेत. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर 1996 मध्यें दिलेल्या आदेशानंतर आरागिरण्यांवरही कडक निर्बंध आले. खाजगी जमिनींतील साग, खैर, ऐन, अंजन यांसारख्या झाडांच्या तोडीवर 1964 च्या राज्य कायद्याचें नियंत्रण आहे. राहतो तो शेताचा बांध आणि ओढ्याचा कांठ. तेथील जुनी बाभूळ बहुधा विहिरीच्या कामासाठीं किंवा लेकीच्या लग्नासाठीं विकली जाते. जागीं नवी लावणारे थोडे.

अशा ओंडक्याची साल लवकर सोलतात, कारण बाहेरील पांढरट लांकडास भुंगा प्रथम लागतो. कित्येक जण ओंडका कांहीं आठवडे पाण्यांत बुडवूनही ठेवतात. नंतर ओल असतांनाच मापापेक्षां थोडा मोठा कापून, टोकांना रंग फांसून, सावलींत हवेशीर रचतात. उन्हांत ठेवला तर आठवड्यांत तडकतो. घाण्याची लाट घडविणारा जाणता सुतार तो तुकडा महिनोन्महिने तसाच राहूं देतो, आणि गिऱ्हाईक कितीही निकड लावो, शेवटची करवत त्यानंतरच लावतो.