दोन ठिणग्या

श्रोतेहो, मोटार वाटेंत बंद पडली तर ती ढकलून कडेला लावतां येते. विमानाला ती सोय नाहीं. म्हणून विमानाच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एकाऐवजीं दोन स्पार्क प्लग बसविण्याची रीत पडली. परंतु वस्तू दोन झाल्या म्हणजे आधारही दोन झाले, असें मात्र नाहीं.

ऑस्ट्रियांतील रोटॅक्स कारखान्याचें 912 हें इंजिन घेऊं. 1989 सालापासून हलक्या विमानांत त्याचा पुष्कळ प्रसार झाला. त्यास सिलिंडर चार, प्लग आठ. ठिणगी पाडण्यास त्याला बॅटरी लागत नाहीं. फिरत्या चक्रांतील चुंबकांमुळें स्थिर वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, ती एका बंद पेटींतील कपॅसिटरमध्यें सांठते आणि नेमक्या क्षणीं एकदम सोडली जाऊन ठिणगी पडते. या पेटीस कारागीर इग्निशन मॉड्यूल म्हणतात. अशा पेट्या दोन, व प्रत्येकीस वीज पुरविणारें वेटोळेंही निराळें. पहिली पेटी दोन सिलिंडरांचे वरचे व दुसऱ्या दोहोंचे खालचे प्लग पेटविते. राहिलेले चार दुसरी पेटविते. एक निकामी झाली तरी चारही सिलिंडर चालत राहतात.

निर्मात्यानें असा वेगळेपणा जपला. पण जुनी पेटी काढून नवी बसविणाराच तो नकळत घालवूं शकतो. घरांत दोन कंदील आहेत, परंतु दोहोंचें रॉकेल एकाच डब्यांतलें आणि त्या डब्यांत पाणी शिरलें, तर दोन कंदिलांचा उपयोग काय? पेट्यांची उष्णतेची मर्यादा 80 अंश सेल्सिअस आहे. दोन्ही पेट्या तापत्या, वारा न लागणाऱ्या जागीं ठेवल्या, तर एकच कारण दोघींना गांठील. शिवाय तापल्यावर दगा देणारी पेटी थंड होतांच पुन्हां नीट चालते, आणि दोष सांपडत नाहीं. हादऱ्यांचेंही तसेंच; रबरी आधार झिजलेला असेल तर नव्या पेटीबरोबर तोही नवा घालावा.

दुसरी गोष्ट बंद करण्याच्या तारेची. घरच्या दिव्याची तार तुटली तर दिवा विझतो. येथें उलटें आहे: ही तार इंजिनाच्या धातूस जोडली म्हणजे ठिणगी थांबते, सुटली तर ठिणगी चालू. म्हणून बटण बंद दिसत असूनही पंखा हातानें फिरवितांच इंजिन पेटण्याचा व हात जाण्याचा संभव असतो. पेट्या काढण्यापूर्वीं प्रत्येक तारेस खूण बांधावी, आणि पंखा नेहमीं जिवंत आहे असें समजूनच काम करावें.

शेवटीं परीक्षा. इंजिन मिनिटास 4000 फेऱ्यांवर ठेवून पाळीपाळीनें एकेक पेटी बंद करतात. फेऱ्या 300 हून अधिक घटूं नयेत, व दोन घटींतील फरक 115 हून अधिक नसावा. इंजिन बंदच पडलें, तर चालू ठेवलेली पेटी काम करीत नाहीं. फेऱ्या मुळींच घटल्या नाहींत, तर अननुभवी माणूस खूष होतो; जाणता मात्र तार तपासतो, कारण बंद केलेली पेटी बंदच झालेली नसते.

श्रोतेहो, जोडीचा आधार मोजून कळत नाहीं. एकीस दूर करून दुसरी एकटी उभी राहते काय, हें जमिनीवर असतांनाच पाहावें लागतें.