गुरांचा क्षय आणि माणसांचा क्षय
(जागतिक क्षयरोगदिनाच्या कार्यक्रमात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगनिदान हा माझा प्रांत नव्हे. तथापि आपल्या डॉक्टरांच्या सहवासात जे समजले, ते आपल्यापुढे ठेवणे मी कर्तव्य मानतो.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. गुरांचा क्षयजंतू माणसाच्या क्षयजंतूहून भिन्न असल्याचे अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ यांनी १८९८ मध्ये दाखविले. गुरांच्या जंतूपासून माणसाला फारसे भय नाही, असे कॉख यांनी १९०१ मध्ये लंडन येथे प्रतिपादन केले. परंतु ब्रिटनच्या रॉयल कमिशनने प्रदीर्घ प्रयोगांनंतर १९११ मध्ये ते मत अमान्य ठरविले.

हे दोन्ही जंतू सख्ख्या भावंडांसारखे आहेत. त्यांची जनुकीय रचना ९९.९ टक्क्यांहून अधिक सारखी असल्याचे २००३ मध्ये सिद्ध झाले. त्यांची टिकून राहण्याची रीतही एकच. शरीराच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. परंतु मेणचट आवरणाचे हे जंतू पेशीतील पाचक द्रव्यांना चकवून तिच्याच आश्रयाने राहतात. शरीर त्यांच्याभोवती पेशींचे कडे उभारते. त्या कड्याच्या आत ते वर्षानुवर्षे सुप्त राहतात आणि प्रतिकारशक्ती खालावताच पुन्हा डोके वर काढतात.

माणसाचा जंतू मुख्यतः खोकल्यावाटे, हवेतून पसरतो. गुरांचा जंतू न तापविलेल्या दुधातूनही शरीरात शिरतो आणि मानेच्या किंवा पोटातील गाठींमध्ये घर करतो. क्षयावरील प्रमुख औषधांपैकी पायराझिनामाइड त्याच्यावर निसर्गतःच निष्प्रभ ठरते. नेहमीच्या तपासणीत मात्र हे दोन जंतू वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी विशेष चाचणी करावी लागते.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. दूध उकळल्यावाचून घेऊ नये. धारोष्ण दूध पौष्टिक असते, या समजुतीपायी लहान मुलांना धोक्यात घालू नये. घरी गुरे असल्यास तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे. डॉक्टरांनी सांगितलेला औषधोपचार, बरे वाटू लागले तरी, अर्धवट सोडू नये. आणि देणगीदारांनी या विशेष चाचण्यांसाठी साहाय्य करावे. योग्य निदानावर खर्चिलेला रुपया रुग्णाचे कित्येक महिन्यांचे हाल वाचवितो.