सोरायसिस आणि कमरेचा घेर



थंडी पडली की आपल्या खानदेशात शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या सुरू होतात, आणि त्याच दिवसांत त्वचेच्या डॉक्टरकडे सोरायसिसचे पेशंट वाढतात. मागच्या थंडीत धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मावशी आल्या. पदराखाली कोपर झाकलेलं. चट्ट्यावर हलकेच नख फिरवलं तर अभ्रकासारखी चंदेरी खपली सुटली. गजकर्ण समजून मेडिकलमधलं मलम त्यांनी वर्षभर चोपडलं होतं. घरात त्यांचं ताट वेगळं ठेवलेलं. सुनेला समोर बसवून मी सांगितलं, हा आजार लागट नाही, एका ताटात जेवा. मग टेप काढली आणि मावशींची कंबर मोजली.

"दुखणं कातडीचं, मग कंबर कशाले मोजतात डॉक्टर?"

प्रश्न रास्त होता. चरबी म्हणजे शिल्लक दाण्याची कोठी, असंच आपण समजत आलो. पण 1994 साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लेप्टिनचा शोध लावला. हे संप्रेरक चरबीच्याच पेशी तयार करतात. अंगात साठा किती आहे हे ते मेंदूला कळवतं, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींनाही चेतवतं. चरबीतूनच येणारं अ‍ॅडिपोनेक्टिन हे दाह शमवणारं. चरबी फाजील वाढली की लेप्टिन चढतं, अ‍ॅडिपोनेक्टिन उतरतं. शिवाय चरबीतून टीएनएफ आल्फा नावाचं द्रव्य पाझरतं. सोरायसिसच्या चट्ट्यातही तेच धुमसत असतं. आजची काही महागडी इंजेक्शनं त्यालाच अडवतात.

"पण मी कुठं जाडी आहे?" मावशी म्हणाल्या. खरंच, हातपाय काटकुळे होते. इथे मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवतात. 2004 साली 'लान्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिक यांची 21.2! आपल्या लोकांची चरबी अशी पोटात लपते, वजनकाट्यावर ती कळत नाही. म्हणून टेप. पुरुषांनी 90 सेंटिमीटरच्या आत, बायांनी 80 च्या आत राहावं.

एक गोष्ट नीट ऐका. सोरायसिस बारीक माणसालाही होतो, रक्ताच्या नात्यातूनही येतो. तेव्हा कुणाला "खातेस म्हणून झालं" असं बोलू नका; त्या माणसाला आधीच पुरेसं सोसावं लागतं. औषधही मनाने बंद करू नका. पण जास्तीचं वजन उतरलं की पुष्कळांचे चट्टे निवळतात, औषधालाही जोर येतो. भरीत सोडायला मी सांगत नाही. त्यावर तरंगणारं तेल कमी करा, कळण्याची भाकरी एक कमी घ्या, आणि संध्याकाळी शिवारापर्यंत पायी जाऊन या.

मावशींची कंबर तेव्हा 91 भरली होती. परवा त्या पुन्हा आल्या. पदर खांद्यावर होता, कोपर उघडं होतं, आणि खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनीच टेप मागितली.