आपले जीवित कोणासाठी?
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव आज आपण साजरा करीत आहो. वेदी फुलांनी सजली आहे, आणि पोटापाण्यासाठी दूरदेशी गेलेली आपली मुलेबाळे या निमित्ताने घरी आली आहेत. अशा प्रसंगी परमेश्वराचे उपकार मानणे हे आपले पहिले कर्तव्य होय, आणि ते आपण आज पवित्र मिस्साबलीत केलेच आहे. दुसरे कर्तव्य विचाराचे. ज्या शब्दाने आपण हा उत्सव ओळखतो, त्याचा मूळ अर्थ काय, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हिब्रू भाषेत मेंढ्याच्या शिंगास 'योबेल' म्हणत; त्यावरून ज्युबिली हा शब्द निघाला. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात दर पन्नासाव्या वर्षाविषयी आज्ञा दिली आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे. गरिबीमुळे हातची गेलेली वडिलार्जित जमीन मूळ घराण्यास परत मिळावी. आणि दारिद्र्यापायी जो दुसऱ्याच्या चाकरीत अडकला असेल, त्याने मोकळा होऊन आपल्या कुटुंबात जावे. याचा अर्थ असा की, पहिली ज्युबिली कोणाच्या गौरवाची नव्हती. ती नडलेल्या शेजाऱ्याच्या सुटकेची होती.

हा अर्थ ध्यानी घेतला म्हणजे मनुष्यजन्माचे प्रयोजन काय, या जुन्या प्रश्नासही निराळे वळण लागते. आपल्यातील कित्येक तरुण हा प्रश्न स्वतःशी विचारतात आणि त्याचे उत्तर आपल्याच अंतःकरणात धुंडाळतात. परंतु आरशात कितीही वेळ पाहिले तरी आपलेच मुख दिसणार! शुभवर्तमानात एका शास्त्र्याने प्रभू येशूस विचारले की, माझा शेजारी कोण? प्रभूने त्यास चांगल्या शोमरोन्याची कथा सांगितली आणि शेवटी प्रश्नच उलटा केला: वाटेवर घायाळ पडलेल्या मनुष्याचा शेजारी कोण झाला? तद्वतच, 'माझे जीवित कशासाठी?' असे आपण विचारतो, तेव्हा प्रभू आपणांस उलट विचारतो, 'तुझे जीवित कोणासाठी?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर आयुष्यभर सापडत नाही. दुसऱ्याचे उत्तर बहुधा आपल्या दाराबाहेर उभे असते.

या गोष्टीचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. श्री. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म 1892 साली तंजावर येथे एका ख्रिस्ती घराण्यात झाला. ते लंडनमध्ये हिशेबनिसाची विद्या शिकले, मुंबईत त्यांनी हिशेबतपासणीचा व्यवसाय केला, आणि पुढे अमेरिकेत जाऊन अर्थशास्त्राचा अभ्यास केला. द्रव्य आणि प्रतिष्ठा ही दोन्ही त्यांना सुलभ होती. परंतु हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे सरकारी जमाखर्चात शोधता शोधता त्यांची दृष्टी पालटली. 1929 साली ते गांधीजींना भेटले. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा त्यांनी उचलली, आणि वर्ध्याची मगनवाडी हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तेलाची घाणी, हातसडीचे तांदूळ, हातकागद, मधमाशा यांत हा विलायतेत शिकलेला पंडित रमला. कारण गावच्या गरिबाच्या हातास काम कसे मिळेल, हाच आता त्याचा हिशेब होता. असे सांगतात की, त्यांच्या खोलीत एका दरिद्री खेडुताचे चित्र असे, आणि विचारणाऱ्यास ते म्हणत की, हे माझ्या गुरूचे गुरू.

कुमारप्पा कॅथलिक नव्हते. तथापि दुरावलेल्या ख्रिस्ती बंधूंच्या ठायी जे खरे ख्रिस्ती धन आहे ते आनंदाने मान्य करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 1964 साली सांगितले आहे. 1945 साली त्यांचे येशूच्या शिकवणुकीविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या अर्थविचाराचे पुस्तकही. धर्म एका कप्प्यात व व्यवहार दुसऱ्या कप्प्यात, असे त्यांनी केले नाही, हे आपण त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे.

आपल्या ख्रिस्तसभेत या वाटेचे थोर वाटसरू संत डेमियन होत. 1873 साली हे बेल्जियन धर्मगुरू मोलोकाई बेटावर, समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीत गेले. त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांची घरे बांधली, त्यांच्या मृतांना मूठमाती दिली, आणि शेवटी त्याच रोगाने 1889 साली देह ठेवला. 2009 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिले. मोलोकाई दूर आहे. परंतु वर्ध्याजवळचे दत्तपूर दूर नाही. तेथे 1936 साली विनोबांचे सहकारी श्री. मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांच्या सेवेचे कार्य आरंभिले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज ते आहे. ते आपल्या धर्माचे नव्हते, पण प्रभूने ज्या माणसास स्पर्श केला असता, त्यालाच त्यांनी हात लावला. हे पाहून आम्हां ख्रिस्ती लोकांस आनंद व्हावा, आणि थोडी लाजही वाटावी.

येथे कोणी म्हणेल, 'आम्ही संसारी माणसे. आधी आपला आत्मा तारावा, आपली मुले पोसावी, हेच पुष्कळ नाही काय?' मुलांचे पोषण हीच परोपकाराची पहिली शाळा होय, हे खरे. पण शाळेत कोणी जन्मभर पहिल्या इयत्तेत बसत नाही. आणि आत्म्याविषयी म्हणाल, तर अखेरच्या निवाड्याचे जे चित्र संत मत्तय रेखाटतो, त्यात भुकेल्यास अन्न दिले की नाही, रोग्यास भेट दिली की नाही, एवढाच हिशेब होतो. आणखी एक सावधगिरी हवी. सेवेतही 'मी' हळूच शिरतो. दिलेल्या देणगीच्या पाटीवर तो आपले नाव पाहतो. त्याला घालवण्याचा उपाय एकच: ज्याची सेवा करावयाची त्याच्याकडे इतके लक्ष द्यावे की, स्वतःकडे पाहण्यास सवड उरू नये.

आता आपल्या दाराबाहेर कोण उभे आहे? 2006 साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत आपला वर्धा जिल्हा होता. कोरडवाहू कापसाची शेती कशी असते, हे आपणांस सांगावयास नको. मृगाचा पाऊस पडून खंडला की दुबार पेरणी. बियाणे, खत, फवारणी सारे उधारीवर. आणि बोंडे फुटली की भाव पडलेला. त्यात आजारपण किंवा मुलीचे लग्न आले म्हणजे सावकाराचे दार. जो गेला त्याच्या आत्म्याचा निवाडा आपल्याकडे नाही. त्याला देवाच्या दयेवर सोपवून ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. परंतु त्याची पत्नी मागे उरते, आणि पात्र-अपात्रतेच्या कागदांसाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या तिलाच झिजवाव्या लागतात.

आपण संख्येने थोडे आहो. सर्वांचे कर्ज फेडण्याचे सामर्थ्य आपल्यात नाही. पण कचेरीत सोबत जाण्यास, बँकेचा कागद वाचून दाखवण्यास, पेरणीच्या दिवशी बैलजोडी देण्यास, मुलांच्या वह्यापुस्तकांचा भार उचलण्यास सामर्थ्याहून अधिक मन लागते. म्हणून आमची विनंती अशी की, या ज्युबिली वर्षात आपल्यातील प्रत्येक कुटुंबाने असे एकेक घर, त्याचा धर्म व जात न पाहता, आपले मानावे. आणि वर्ष संपले तरी ते सोडू नये.

मिस्सा हे नावच मुळी लॅटिन भाषेतील निरोपाच्या शब्दावरून पडले आहे. आपणांस वेदीपाशी बोलाविले जाते ते पुन्हा बाहेर पाठविण्यासाठी. जी भाकर आपल्यासाठी मोडली गेली, ती खाऊन आपण स्वतः अखंड राहू म्हणणे शोभत नाही. ज्युबिलीचे शिंग पूर्वी नडलेल्यांच्या कानी सुटकेची वार्ता म्हणून पडे. आपल्या देवळाची घंटाही शेजारच्या दुःखी घरास तशीच ऐकू यावी, एवढी कृपा प्रभू येशू ख्रिस्त आपणांस देवो, आणि पवित्र मरिया आपल्यासाठी विनंती करो. आमेन.