देव तोच, दिवस बदलला

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड यांपैकी कुठेतरी राहत असेल. जत्रेला तो येतोच असे नाही. आलाच तर पालखीला खांदा देतो आणि पहाटेची एस.टी. गाठतो. मग पारावर बोलणे निघते, "पोरगं मुंबईला गेलं नि देवधर्म विसरलं." हे कितपत खरे आहे, ते आज पाहू.

या बदलाला विद्वान मंडळी इहवादीकरण म्हणतात. शब्द अवघड, पण अर्थ सोपा आहे. पूर्वी ज्या कामांसाठी देवाकडे धाव घ्यावी लागे, ती एकेक करून दवाखाना, शाळा, कचेरी यांच्याकडे जातात. राज्यघटनेच्या उद्देशिकेतला 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द निराळा. तो 1976 साली आला, आणि सरकारने कसे वागावे ते सांगतो. मी बोलतो आहे ते घरात आणि मनात काय होते त्याविषयी.

देवीचा रोगच घ्या. रोगाला आणि तो आणणारीला आपल्या भाषेने एकच नाव दिले. घरात देवी आल्या की फोडणी बंद, उशाशी कडुलिंबाचा पाला, आणि शीतळादेवीला नवस. पुढे लस आली, तर तिलाही आपण 'देवी काढणे' म्हणू लागलो! 1975 साली या देशातला शेवटचा रोगी आढळला. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातूनच रोग गेल्याचे जाहीर केले. रोग गेला, पण माहीमचे शीतळादेवीचे देऊळ उभे आहे आणि माणसे तिथे जातात. पूर्वीची आई तिथे जाई ती पोटात गोळा घेऊन. आताची जाते ती सासूने सांगितले म्हणून, किंवा मनाला बरे वाटते म्हणून. नाही गेले तरी लेकराला देवी येणार नाहीत, हे तिला पक्के ठाऊक असते. हा फरक लहान समजू नका. श्रद्धा राहिली, पण ती आता निवडीची गोष्ट झाली.

उपनगरातल्या चाळीत सार्वजनिक सत्यनारायण पुष्कळदा 26 जानेवारीला असतो. का, तर सगळ्यांना सुट्टी! सकाळी झेंडावंदन, मग पूजा, संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम. जुन्या मंडळींना याचे हसू येते. मला येत नाही. गावात पूजेच्या आधी गाव असते. इथे एरवी जिन्यात नुसती मान हलवणारी बिऱ्हाडे त्या शिऱ्याच्या प्रसादापुरती का होईना, गाव होतात.

पण दुसरी बाजूही आहे. गावात 'तू कोण' हे कोणी विचारत नाही. शेत, भावकी, कुलदैवत यांत ते आलेलेच असते. इमारतीत शेजारी अनोळखी. मग गाडीवरची निशाणी आणि मंडपातला कर्णा 'आम्ही अमुक' म्हणून सांगू लागतात. रोजच्या जगण्यात धर्माचे काम कमी झाले, तरी त्याचे नाव मोठे होऊ शकते. मला काळजी वाटते ती याची. देव विसरण्याची तितकी नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुंबईला सहल आणलीत तर बोरिवलीची मंडपेश्वर लेणी जरूर दाखवा. मूळची शिवाची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी तिथे चर्च केले. तेव्हाचा क्रूस भिंतीवर आहे. 1737 साली साष्टी मराठ्यांकडे आली. आज लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, आणि महाशिवरात्रीला तिथे भाविकांची रीघ लागते. मुले नटराजाचे शिल्प वहीत काढत असतात, तिथेच एखादी आजी हात जोडून उभी असते. एखादा मुलगा विचारील, "गुरुजी, हे देऊळ की चर्च?" इतिहास सांगितलात की त्याचे समाधान होईल. मग तो विचारील, "आपण हात जोडायचे का?" याचे उत्तर त्याला सवडीने, स्वतःचे स्वतः शोधू द्या. त्याच्या आजोबांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.