भिंती आपल्या, जमीन लीजवर

आज आम्ही नागपुरातल्या फ्लॅटबद्दल बोलणार आहोत. "आम्हाला काय करायचं शहरातल्या फ्लॅटचं?" असं कोणी म्हणेल. पण गटाच्या बैठकीत आम्ही ऐकतो ना! कोणाची लेक नागपुरात दिलेली, कोणाच्या बाबांनी नोकरीत असताना तिथं दोन खोल्या घेतलेल्या, कोणी शेताचा तुकडा विकून मुलासाठी फ्लॅट घेतलेला. पैसा आपल्या गावचाच गुंतलेला असतो.

नागपुरात कितीतरी घरांच्या भिंती आपल्या, पण खालची जमीन लीजवर असते. काही जमीन नागपूर सुधार प्रन्यासची. ही संस्था 1936 च्या कायद्यानं उभी राहिली, आणि तिनं भूखंड पाडून लोकांना लीजवर दिले. काही जमीन सरकारची, तिला नझूल म्हणतात. लीज साधारण 30 वर्षांचं. दरवर्षी भूभाटक भरायचं, म्हणजे जमिनीचं भाडं, आणि मुदत संपली की नूतनीकरण करून घ्यायचं. फ्लॅट असेल तर त्या जमिनीत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा असतो. आपल्या फ्लॅटच्या डीडमध्ये तो लिहिलेला असतो.

मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी घराबाहेर काढत नाही. त्यामुळंच लोक निवांत राहतात. मग एक दिवस फ्लॅट विकायचा असतो, नाहीतर मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं असतो, आणि बँक म्हणते, लीज चालू आहे का, कागद कोणाच्या नावावर आहे? कागद असतो वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, तोही मुदत संपलेला. आधी वारसांची नावं लावा, मग नूतनीकरण, मग कर्ज. तोवर कॉलेजची फी भरायची तारीख निघून जाते.

आता मुद्द्याचं. लीज वाढवायच्या वेळी वारसांच्या सह्या लागतात. आणि याच वेळी बायकांची नावं कागदातून गळतात. आमच्या एका गटातल्या ताईंना भावाचा फोन आला, "ताई, बाबांच्या फ्लॅटचं लीज संपलं, मंगळवारी सहीला ये. नुसती एक सही आहे." ताई गेल्या. पण सही करण्याआधी त्यांनी कागद वाचायला मागितला. सगळ्यात वर लिहिलं होतं, हक्कसोडपत्र. ताईंनी सही केली नाही. त्या म्हणाल्या, "लीज वाढवायला माझी संमती आहे, तसं लिहून आण, लगेच सही करते." भाऊ रागावला. दोन दिवाळ्या भाऊबीजेला आला नाही, हेही आम्ही लपवत नाही. पण अर्ज आईसकट सगळ्या वारसांच्या नावानं गेला, आणि नव्या लीजवर दोन्ही बहिणींची नावं लागली.

संमतीपत्र म्हणजे "हे काम करायला माझी हरकत नाही". हक्कसोडपत्र म्हणजे "माझा हिस्सा मी सोडला", आणि नोंदणी झाली की तो परत मिळवणं फार अवघड. लीज वाढवण्यासाठी हक्क सोडावा लागत नाही. कोणाला भावासाठी मनापासून सोडायचा असेल तर तिनं खुशाल सोडावा, पण समजून. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता माणूस वारला, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. लग्न झालेली मुलगीही त्यात आली.

कागद कोणते लागतात? मूळ लीज डीड, भूभाटकाच्या पावत्या, मंजूर नकाशा, घरटॅक्सची पावती, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद. नझूल असेल तर नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढायची. जमीन कोणाची आणि पट्टा कोणाच्या नावे, ते तिच्यात दिसतं. लेआउटमधल्या प्लॉटचं आरएल, म्हणजे रिलीज लेटर, हा वेगळा कागद आहे. त्याला लीज समजू नका, बाप्पा! खूपजणी गोंधळतात.

ऑफिसवाले बघतात की अटी मोडल्या का. राहायच्या घरात दुकान काढलं, परवानगीशिवाय खोली वाढवली, न विचारता विकलं, तर काम अडतं किंवा जास्तीचे पैसे लागतात. नवं लीज झालं की मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायची. साध्या स्टॅम्पवर लिहून ठेवलं म्हणजे झालं, असं नाही.

अपार्टमेंट असेल तर एकट्यानं भागत नाही, कारण भूखंडाचं लीज एकच. समजा आठ फ्लॅट आहेत आणि भूभाटकाची थकबाकी 1 लाख 20 हजार आहे, तर प्रत्येकी 15 हजार झाले. दोघांनी हात वर केले की सहाजणांचं काम लटकलं. आपल्या गटात हप्ता थकला की काय होतं, तसंच. म्हणून जुना फ्लॅट घेताना विचारा, लीज किती वर्षं उरलं, भूभाटक कुठपर्यंत भरलं? पावती बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

नझूलवाल्यांसाठी आणखी एक. 2024 मध्ये शासनानं विदर्भातल्या नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आणली. ठरलेली रक्कम भरून जमीन भोगवटादार वर्ग-1 करून घेता येते, म्हणजे नूतनीकरणाची कटकट संपते. अशा योजनांच्या मुदती बदलतात, तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नझूल शाखेत विचारूनच पैसे भरा. तिथंही अर्ज कोणाकोणाच्या नावानं चाललाय, ते बघा.

कागद कळत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुढच्या बैठकीला ज्यांच्या माहेरी किंवा सासरी नागपुरात घर आहे, त्यांनी लीजच्या कागदाची झेरॉक्स आणा. तारीख आणि नावं आपण मिळून वाचू.